मागची सीट

९ जानेवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. होय, कागदावरच. तुझा निरोप पोचला. छापखान्याच्या फोनवर, फोरमनच्या तोंडून, साऱ्या खात्यासमोर : "तुमच्या बहिणीने विचारलंय, जिवंत आहात का?" आहे. फक्त फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडलोय. ग्रुपमधून जाणं आणि जगातून जाणं यांत आपल्या घरात फारसा फरक करत नाहीत, हे लक्षात आलं नव्हतं.

ई-मेल का नाही, तेही सांगतो. तुझा ई-मेल एका कंपनीच्या घरात राहतो. मी तुला लिहिणार, ते आधी कंपनी चाळणार, मग तू. भावाबहिणीच्या मध्ये तिसरा नको, ही माझी भूमिका. "तुझी पत्रं वाचायला कोण रिकामटेकडं बसलंय?" हा तुझा प्रश्न मला इथूनच ऐकू आला. मुद्दा तो नाही.

मुद्दा असा. आपण सगळे एका भल्यामोठ्या मॉलमध्ये गप्पा मारायला जातो. जागा त्यांची, दिवे त्यांचे, रखवालदार त्यांचा. आपण काय बोलतो ते लिहून घेणाराही त्यांचाच. मी म्हणतो, गप्पा मारायला मॉल कशाला? प्रत्येकाने आपलं छोटं घर करावं आणि खिडकी उघडून शेजाऱ्याशी बोलावं. अशी हजारो घरं आहेत, ताई! एकमेकांना जोडलेली, पण कुणी कुणाचा मालक नाही. या घराला सर्व्हर म्हणतात. तो ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते कुणीही उघडून पाहावं, बदलावं, वाटावं. माणसाने माणसासाठी केलेली इतकी निरपेक्ष गोष्ट या काळात दुसरी दाखव, मी मिशी उतरवतो.

माझा सर्व्हर म्हणजे बिजागरी तुटलेला तो जुना लॅपटॉप. फ्रिजवर उताणा पडलेला असतो. फ्रिजचं दार जोरात लावलं की अकरा जणांचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य हलतं. अकरांपैकी तीन मीच आहे. एक खरा, एक चाचणीचा, एक चुकून झालेला.

आणि तिथे मी करतो काय? युनियनच्या गेटसभेत मालकाला घाम फोडणारा, कपाटभर ग्रंथ पचवलेला हा तुझा भाऊ दर रविवारी उडत्या छत्र्यांची जपानी अॅनिमे मालिका बघतो. एका गावात सगळे छत्री उघडून उडतात. एक मुलगी सगळ्यांच्या छत्र्या दुरुस्त करते. तिला स्वतःला मात्र उडता येत नाही. बास, इतकीच गोष्ट. मी तिची मराठी सबटायटल्स लिहून सर्व्हरवर टाकतो. मुक्त सॉफ्टवेअरवर, फुकट, कुणी न मागता.

एक वाचक मात्र पक्का आहे. नाव घेतलंय 'मागची सीट'. कोण, कुठला, काही ठाऊक नाही. भाग संपला की एखादी ओळ लिहितो, पण काय ओळ! गेल्या रविवारी लिहिलं, "मुलगी वळताना मागे बघत नाही. दर वेळी." मी थरारलो. बाकी पुढच्या पत्रात.

बाबा कसे आहेत ते तू न विचारता लिहिशीलच, म्हणून विचारत नाही.

तुझा,
भोंगा

२० जानेवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र पॅथॉलॉजीच्या पत्त्यावर आलं. रक्त काढता काढता वाचलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हसताना सुई हलतेय." तेव्हा बाजूला ठेवलं.

तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. लायसनच्या तपासणीत नापास झाले. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस! ड्रायव्हिंग स्कूलची गाडी विकली, शिकवणाऱ्याच्या पायाखालचा तो दुसरा ब्रेकसुद्धा गाडीबरोबर गेला. आता माझ्या गाडीत मागे बसतात. पुढे बसवलं की पाय आपोआप खाली दाबला जातो आणि तिथे ब्रेक नसतो. मग दिवसभर चिडचिड.

गाडी विकली त्या दिवशीचं जेवण तुला आठवत असेलच. पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "चाळिशी आली, साहेब अजून कार्टून बघतात." चूक त्यांची. पण तू उभा राहिलास! आपल्या जेवणाच्या टेबलाशी उभा राहून म्हणालास, "जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबणाऱ्याला वेग काय कळणार!" आणि टाळ्यांसाठी थांबलास. मी पाहिलं, तू थांबला होतास. त्यानंतर ना ते तुझ्याशी बोलले, ना तू त्यांच्याशी.

बरी बातमी अशी की डोळ्यांच्या ऑपरेशनला इतके महिने नाही म्हणत होते, ते परवा आपणहून तयार झाले. मार्चची तारीख घेतली आहे. डॉक्टर म्हणाले, यापुढे लांबवलं तर नंतर हाती काही लागणार नाही. तयार कसे झालात विचारलं, तर म्हणाले, "बारीक अक्षर वाचायचं असतं." कुठलं अक्षर ते मला विचारू नकोस. मला शपथ घातली आहे.

तू भांडणाआधी त्यांच्या कॉम्प्युटरवर ते तुझं फुकटचं सॉफ्टवेअर घालून गेला होतास. कुणाला बदलता येईना, म्हणून राहिलं. रविवारी सकाळी दार लोटून त्याच्यासमोर बसतात. मी चहा घेऊन गेले की खोकतात.

तुझ्या सर्व्हरवर मीही यायचं म्हणत होते. पण प्रवेश अर्जात "मला मुक्त सॉफ्टवेअर का हवे, दीडशे शब्दांत लिहा" असं आहे म्हणे. अरे, भावाच्या घरी यायला निबंध?

ताई

ता.क. 'मागची सीट' हुशार वाटतो. त्याच्याशी नीट वाग.

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

निबंध यासाठी की येणाऱ्याने क्षणभर विचार करावा. आजवर अर्ज केलेल्यांपैकी बहुतेकांनी विचार केला आणि ते आले नाहीत. व्यवस्था काम करते.

ऑपरेशन होतंय हे छान झालं. त्यांना काही सांगू नकोस, नुसतं छान झालं.

आता 'मागची सीट'. "वळताना मागे बघत नाही" या एका वाक्यावर मी नऊ भागांत विवेचन लिहिलं. आजचा माणूस मुळांपासून तुटताना भूतकाळाकडे पाठ कशी फिरवतो, इथून सुरुवात केली आणि यंत्रयुगापर्यंत पोचलो. त्यावर त्याचं उत्तर आलं, "असेल. पण छत्रीला आरसा लावायला हवा होता." ताई, आरसा! आत्मपरीक्षणाचं इतकं नेमकं प्रतीक मला नऊ भागांत सुचलं नाही. नक्की कुणीतरी सिनेमाचा अभ्यास करणारा तरुण असणार. बहुधा बेकार, दाढी वाढवलेला. आणि नाव बघ ना, 'मागची सीट'! स्टेअरिंगचा मोह नाकारणारा माणूस.

एकदाच त्याने मला दुखावलं. लिहिलं, "मुलगी 'ये' म्हणते. खाली चार ओळी येतात. वाचून होईपर्यंत ढग निघून जातो." माझी सबटायटल्स लांब! दोन दिवस धुसफुसलो. मग तो भाग पुन्हा पाहिला. मुलगी "ये" म्हणाली आणि खाली मी लिहिलं होतं, "हे मित्रा, माझ्या दुकानाचं दार तुझ्यासाठी सदैव उघडं आहे, संकोच सोड आणि आत पाऊल टाक." छाटलं. अश्रू आवरत छाटलं. आता "ये, आत ये" ठेवलंय. आतून वाटतं की चार ओळीच बऱ्या होत्या.

तो ज्या सर्व्हरवर राहतो त्याचं नाव 'चौक'. मोठा आहे, हजारो लोक. आणि ताई, परवा त्या चौकाने डोक्यावर एका मोबाइल कंपनीची जाहिरात लावली! म्हणे खर्च भागत नाही. इथूनच मॉल सुरू होतो! आज जाहिरात, उद्या रखवालदार, परवा वहीत लिहून घेणारा. मी क्षणभर थांबलो नाही. सगळा चौक माझ्या सर्व्हरवरून तोडला. त्यांच्याकडून काही येणार नाही, माझ्याकडून काही जाणार नाही. दार बंद केलं आणि मग शांतपणे बसून बारा भागांचा जाहीर निषेध लिहिला : "चौकवासीयांनो, जागे व्हा!" चार जणांनी पसंतीचे तारे दिले. त्यांतले दोन मी नव्हतो.

'मागची सीट' विचारी आहे. निषेध वाचेल, चौक सोडेल, माझ्या दाराशी येईल. त्याला मी निबंध माफ केलाय.

भोंगा

१ मार्च

प्रिय भाऊ,

घाईत लिहिते. बाबांनी ऑपरेशन रद्द केलं. डॉक्टरांकडे स्वतः फोन करून. विचारलं तर म्हणतात, "बघण्यासारखं काय राहिलंय?" कॉम्प्युटरवर गाडीचं जुनं कव्हर टाकून ठेवलंय. रविवारी आठ वाजता उठून बसतात, कव्हर थोडं उचलतात, पुन्हा टाकतात.

तुला एक विचारायचं आहे. त्या चौकाचं तू जे केलंस, ते अजून तसंच आहे का? सहज विचारतेय. शपथ आहे म्हणून सहज विचारतेय.

ताई

९ मार्च

प्रिय ताई,

तसंच आहे, आणि तसंच राहील. तत्त्व म्हणजे बादलीतलं पाणी नव्हे, की कुणी मागितलं म्हणून तांब्याभर काढून द्यावं. पण तू पहिल्यांदाच माझ्या कामाची चौकशी केलीस, याचा आनंद झाला.

बाबांचं ऐकून मात्र वाईट वाटलं. पण मी काय करणार? मी डोळ्यांवर बोलायला गेलो तर ते डोळे मिटून घेतील. हट्टी आहेत. एकदा मनात घेतलं की दुसऱ्याची बाजू ऐकायचीच नाही, वर आपणच बरोबर. असा स्वभाव कुठून येतो, देव जाणे.

खरं सांगू, मीही जरा खचलोय. 'मागची सीट' आला नाही. माझे बारा भाग वाचून एका शब्दाने उत्तर दिलं नाही. जाहिरातीच्या बाजूने उभा राहिला म्हणायचा! आता भाग संपला की मी एकटाच. गेल्या रविवारी मुलगी पुन्हा मागे न बघता वळली आणि त्यावर बोलायला कुणी नव्हतं. मी माझ्या चाचणीच्या खात्यावरून मलाच एक ओळ लिहिली. तीही लांब झाली.

पुढच्या आठवड्यात शेवटचा भाग येतोय. दोघांनी एकाच वेळी बघायचा, असं ठरलं होतं. जाऊ दे. ज्याला स्वातंत्र्याची चाड नाही, त्याच्यासाठी मी झुरणार नाही.

झुरतोय, हे तुला म्हणून सांगतो.

भोंगा

१४ मार्च

भोंग्या,

शपथ मोडते आहे. पाप लागलं तर अर्धं तुझ्या नावावर.

'मागची सीट' म्हणजे बाबा.

बस. खाली बस आणि वाच. सिनेमाचा अभ्यास करणारा नाही, दाढी नाही, बेकार मात्र आहे. आत्मपरीक्षणाचा आरसा नव्हे रे बाबा, आरसा! मागची वाहनं दिसावीत म्हणून लावतात तो! वळताना मागे बघावं, हे त्यांनी जन्मभर शिकवलं. ते छत्रीवाल्यांनाही तेच शिकवत होते. तू त्यावर यंत्रयुगापर्यंत गेलास.

तू घर सोडल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "तो हल्ली कुठे बोलतो?" मी म्हटलं, त्याच्या त्या सर्व्हरवर. खातं काढून दे म्हणाले. तुझ्याकडेच काढत होते, पण तो दीडशे शब्दांचा निबंध! मुलाच्या दाराशी परीक्षा द्यायला बाप तयार नव्हता. म्हणून चौकात काढलं, तिथे काही विचारत नाहीत. मला म्हणाले, "बोलायला विषय हवा, म्हणून पहिला भाग बघितला. दुसरा माझ्यासाठी बघितला." तुझी सबटायटल्स ते नाक पडद्याला टेकवून वाचायचे. ऑपरेशन त्यासाठीच होतं, गाढवा. तुझी चार ओळींची बडबड वाचण्यासाठी.

आणि तू दार लावलंस. तुझे ते बारा भाग त्यांना दिसलेच नाहीत! त्यांच्या पडद्यावर तुझं पान आहे तसंच आहे, जुनंच, जानेवारीतलं. त्यांना वाटतं, तू त्यांना ओळखलंस आणि बोलणं टाकलंस. काल ते झोपल्यावर मी कव्हर काढून पाहिलं. त्यांनी तुला तीन निरोप पाठवलेत.

"आज भाग आला का?"
"तब्येत बरी ना?"
"माझं काही चुकलं का?"

आता तुला जे भाषण करायचं ते कर.

ताई

१८ मार्च

ताई,

भाषण नाही.

तुझं पत्र छापखान्यात उघडलं. फोरमन म्हणाला, "काय झालं? पांढरे पडलात." मी म्हटलं, काही नाही, माझा वाचक सापडला.

झालं काय ते आता कळलं. मी आधी दार बंद केलं आणि मग बंद दाराआडून बारा भाग ओरडत बसलो. ज्यांना जागे व्हा म्हणत होतो, त्यांनाच ऐकू येणार नाही याची पक्की व्यवस्था करून! इतकी वर्षं सभा गाजवतोय, पण सभागृहातून लोकांना बाहेर काढून, कडी घालून भाषण ठोकणारा वक्ता पहिल्यांदा पाहिला. तोही आरशात. छत्रीच्या नव्हे, मोरीतल्या.

चौक पुन्हा जोडला. पण या यंत्राचा एक नियम आहे : तोडलेलं जोडलं, तरी आधी कोण कुणाशी बोलत होतं ते त्याला आठवत नाही. नव्याने विनंती करावी लागते. मी 'मागची सीट'ला विनंती पाठवली. पडद्यावर लिहून आलं, "मंजुरीची वाट पाहत आहे." म्हणजे बाबांनी दाराला कडी लावून घेतली आहे. लावू दे. मी बाहेर उभा आहे. निबंध मागितला तर तोही लिहीन.

सर्व्हरवर जाहीर केलं, "चौक तोडण्यात माझी चूक झाली." माझ्या आयुष्यातली सर्वांत छोटी घोषणा. दोघे तत्त्वनिष्ठ रागावून सोडून गेले. उरलो आम्ही नऊ, त्यात मी तीनदा. जाहिरात मला आजही मान्य नाही. ते मी चौकवाल्यांना चौकात जाऊन, त्यांच्या तोंडावर सांगेन. प्रवेश अर्जातला निबंध काढून टाकला.

ते तीन निरोप माझ्यापर्यंत कधीच पोचणार नाहीत. दार बंद असताना आलेलं वाऱ्यावर जातं. म्हणून त्यांची उत्तरं इथे लिहितो. त्यांना वाचून दाखव, तुझ्या आवाजात, माझ्या थाटात नको.

आला आहे. शेवटचा आहे, मी अजून पाहिलेला नाही.
बरी आहे.
नाही, बाबा. तुमचं नाही.

ऑपरेशनची तारीख पुन्हा घे. शनिवारी मी येतोय. दवाखान्यात जाताना तूच गाडी चालवशील, कारण मला येत नाही, हे जगजाहीर आहे. बाबा शिकवत होते आणि मी पहिल्याच वळणावर वाद घातला होता. त्यांच्या शेजारी मागे बसेन म्हणतो. जागा दिली तर.

भोंगा

२६ एप्रिल

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितोय. उजव्या डोळ्याने. डावा पुढच्या महिन्यात. अक्षर मोठं आलं आहे, सवय नाही.

तू दवाखान्यात डॉक्टरांना त्यांच्या मशीनमधलं सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं म्हणून विचारत बसलास. मी आत पट्टी बांधून पडलो होतो, सगळं ऐकू येत होतं. नर्सने तुला बाहेर काढलं ते योग्य केलं. पण डॉक्टर नंतर मला म्हणाले, मुलाचा मुद्दा बरोबर आहे. तुला तेव्हा सांगितलं नाही. तू पुन्हा आत आला असतास.

गाडीत मागे तू शेजारी बसलास. ताईने वळण घेतलं तेव्हा आपल्या दोघांचे पाय एकदमच दाबले गेले, ते मी पाहिलं. तुला एकदा शिकवलेलं वाया गेलेलं नाही.

त्या दिवशी जेवताना मी कार्टून म्हणालो. कार्टून नाही ते.

तुझ्या सर्व्हरवर राहायला ये म्हणालास. नको. फ्रिजवरचं घर मला मानवायचं नाही, दार लावताना भीती वाटेल. मी चौकात बरा. इथे ओळखी झाल्या आहेत. ती मोबाइलची जाहिरात मलाही आवडत नाही, डोळ्यांवर येते. चौकवाल्यांना लिहून कळवलं आहे. बघू काय म्हणतात. तू तुझ्या घरातून बोल, मी माझ्या. तूच सांगायचास ना, त्यासाठीच हे सगळं आहे.

तुझी विनंती महिनाभर पडून होती. राग म्हणून नव्हे, डोळा नव्हता. ताई म्हणाली, मी दाबते बटण. मी म्हटलं, माझं मी दाबेन. आज सकाळी दाबलं.

शेवटचा भाग बघितला. ती दुकान बंद करून स्वतःची छत्री उघडते आणि जमिनीवरून पाय सुटतात, तिथे खाली तू काहीच लिहिलेलं नाहीस. मला आधी वाटलं, डोळा पुन्हा गेला. मग कळलं. ते बरं केलंस.

टेकडीपाशी ती वळते. तेव्हा तरी तिने मागे पाहिलं का, ते मला दिसलं नाही. ताईने नेमके तेव्हाच डोळ्यात थेंब घातले होते. तू पाहिलं असशील. कळव.

थोडक्यात.

बाबा